कोकणच्या किनाऱ्यावर धुक्यात पक्षी कसे पाहावेत

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पक्षी पाहण्यात जी मजा आहे, ती डिसेंबरात नाही. हिवाळ्यात सगळे किनारपक्षी करड्या-मातकट रंगाचे आणि एकमेकांसारखे दिसतात. फाल्गुन लागला की त्यांची पिसं बदलू लागतात. वाळू चिखल्यांची (सँड प्लव्हर) छाती विटकरी होते, कर्ल्यू सँडपायपर पोटाखालून तांबूस होतो, ग्रे प्लव्हरचं पोट काळं पडतं आणि कुरवांच्या (गल) डोक्यावर काळी-तपकिरी टोपी चढते. लडाख, तिबेट, मध्य आशिया, सैबेरिया इथे परतण्याआधी हे पक्षी अंगावर चरबी चढवत असतात, त्यामुळे दिवसभर खात राहतात आणि बराच वेळ नजरेसमोर असतात.

अडचण एकच, ती म्हणजे सकाळचं धुकं. आंब्याचा मोहोर काळा पाडतं म्हणून बागायतदार ज्या धुक्याला शिव्या घालतात, तेच खाडीच्या मुखावर सूर्य वर आल्यानंतरही तास-दोन तास बसून राहतं. बरेच जण ते विरेपर्यंत चहाच्या टपरीवर थांबतात आणि दहा वाजता पुळणीवर उतरतात. तोवर वाळू तापू लागलेली असते, दुर्बिणीत हवा थरथरते आणि माणसं, कुत्री, घोडागाड्या आलेल्या असतात. त्यापेक्षा धुक्यातच जाऊन बसणं बरं. मात्र त्यासाठी पाहण्याचा क्रम उलटा करावा लागतो. आधी कान, मग हालचाल आणि आकार, आणि रंग सर्वांत शेवटी.

दिवस निवडायचा तो भरतीवरून

किनारपक्षी घड्याळ पाळत नाहीत, पाणी पाळतात. ओहोटीला ते चिखलावर आणि वाळूवर किलोमीटरभर पसरतात, चढत्या भरतीला काठाकडे ढकलले जातात आणि भरती पूर्ण झाली की कोरड्या जागी दाटीवाटीनं विसावतात. तुम्ही पक्ष्यांकडे चालत जाण्यापेक्षा पाण्यानं पक्षी तुमच्याकडे आणणं केव्हाही चांगलं. म्हणून भरती पूर्ण होण्याच्या आधीचे दोन-अडीच तास सर्वांत मोलाचे.

भरतीची वेळ काढायचा कोळीवाड्यातला हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीला पाऊणनं गुणा, तेवढे वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा, प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि मुंबईच्या तुलनेत दक्षिणेला, म्हणजे मालवण-गोव्याकडे, भरती लवकर लागते. त्यामुळे दिवस ठरवायला तिथी वापरा आणि नेमकी वेळ त्या त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. गावातल्या कुणाला "मामा, आज भरती किती वाजता?" असं विचारलं तरी चालतं. हे उत्तर सहसा मोबाइलपेक्षा कमी चुकतं.

धुक्याच्या सकाळीसाठी त्रयोदशीपासून पौर्णिमा किंवा अमावस्येपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे. उजाडताना पाणी बऱ्यापैकी खाली असतं, धुकं असेपर्यंत हळूहळू चढत जातं आणि नऊच्या सुमारास धुकं विरलं की पक्षी जवळ आलेले असतात. प्रतिपदा-द्वितीयाही चालतात, फक्त पक्षी जवळ यायला अकरा वाजतात. अष्टमीच्या आसपास मात्र सकाळी सहालाच भरती भरलेली असते. मग पाणी उतरतं आणि पक्षी उघड्या पडणाऱ्या चिखलाबरोबर तुमच्यापासून लांब लांब जातात. शिवाय ती भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, त्यामुळे पक्षी एका जागी गोळाही होत नाहीत.

भरतीची उंचीही पाहा. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास. म्हणून शिवडीला किंवा ठाणे खाडीत ओहोटीला पक्षी ठिपक्यांएवढे दूर जातात, तर मोरजीला चापोरा नदीच्या मुखाशी ओहोटीलाही पल्ल्यात राहतात.

जागा

चांगल्या जागेत तीन गोष्टी एकत्र लागतात. ओहोटीला उघडं पडणारं खाद्यक्षेत्र, भरतीला बसायची कोरडी जागा आणि या दोन्हींच्या मध्ये तुम्हाला आडोसा. नुसती लांबलचक पांढरी पुळण फोटोला चांगली, पक्ष्यांना नाही. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे चिखल, वाळू, कातळ सगळं मिळतं, म्हणून पहिली पसंती मुखांना.

अलिबागजवळचं आक्षी हे शिकायला उत्तम ठिकाण. मागे सुरूचं बन, पुढे सपाट ओली वाळू आणि बाजूला खाडी. कुरव, सुरय (टर्न), वाळू चिखले, तुतवार (सँडपायपर) आणि काळा-पांढरा, लाल चोचीचा ऑयस्टरकॅचर इथे दिसतात. वेळासला कासवांची पिल्लं पाहायला गेलात तर सावित्रीच्या मुखाशी बाणकोटच्या बाजूला एक सकाळ काढा. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव असतो आणि कुरव घिरट्या घालत असतात, त्यांचे पंख जवळून पाहायला याहून सोपी जागा नाही. तारकर्ली-देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, पण तिथे पर्यटकांच्या होड्या सुरू व्हायच्या आत पोचावं लागतं. मुंबईकरांना शिवडीची जेट्टी आणि ऐरोलीहून वनखात्याची होडी आहेच. ठाणे खाडीच्या अभयारण्याला 2015 मध्ये संरक्षण मिळालं आणि 2022 मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. रोहित पक्ष्यांसाठी लोक तिथे जातात, पण त्यांच्या पायांशी चरणाऱ्या पाणटिवळ्यांचे (गॉडविट) आणि चिखल्यांचे थवे बघायचेच राहून जातात.

खाडीच्या कुठल्या काठावर बसायचं हे सूर्यावरून ठरवा. धुक्यात सूर्याकडे तोंड केलं की समोर नुसती पांढरी भिंत दिसते, कारण पाण्याचे थेंब प्रकाश पुढच्या दिशेला जास्त फेकतात. सूर्य पाठीशी घेतला की त्याच धुक्यात पन्नास-शंभर पावलं अधिक दिसतं. आपली पुळण पश्चिमेला तोंड करून असल्यानं सकाळी समुद्राकडे पाहताना हे आपोआप साधतं. खाडीत मात्र पूर्वेकडच्या काठावर बसून पश्चिमेकडे पाहता येईल अशी जागा शोधावी लागते.

रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा थंड हवा खाडीतून खाली ढकलतो. म्हणून धुकं खाडीच्या मुखावर दाट आणि अर्ध्या किलोमीटरवर मोकळ्या पुळणीवर विरळ, असं नेहमी होतं. मुखावर काहीच दिसत नसेल तर घरी परत जाऊ नका, पुळणीनं बाजूला सरका आणि तासाभरानं पुन्हा मुखाकडे या. मार्च संपत आला की खरं धुकं कमी होतं आणि त्याची जागा दमट धूसरपणा घेतो. तो दुपारपर्यंत जात नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये वाट पाहण्यात अर्थ नसतो.

सोबत काय घ्यायचं

8×42 ची दुर्बीण घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच 42 मिलिमीटरची. 10×42 असेल तर चालेल, पण धुक्यात जास्त मोठं करून पाहिलं की पक्ष्याबरोबर धुकंही मोठं होतं. शिवाय 42 ला 8 नं भागलं की डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा होतो, 10 नं भागलं की जेमतेम सव्वाचार. पहाटेच्या अंधूक उजेडात हा फरक जाणवतो. स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण) 20-60 चा असला तरी धुक्यात 20 ते 30 च्या पुढे जाऊ नका. 60 वर फक्त थरथरणारी खीर दिसते.

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून दुर्बीण थेट बाहेर काढली की काचांवर वाफ धरते. ती पुसली की पुन्हा धरते, कारण काच अजून थंड असते. बॅग बंद ठेवून ती वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. रात्री दुर्बीण खोलीऐवजी ओसरीवर किंवा गाडीच्या डिकीत बंद बॅगेत ठेवली तर हा प्रश्नच येत नाही.

ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत हळूहळू रुततात आणि स्कोप एका बाजूला कलतो. तीन करवंट्या पालथ्या ठेवून त्यांवर पाय टेकवा, किंवा डब्यांची रुंद झाकणं वापरा. बसायला फोल्डिंगचं बुटकं स्टूल हवं. ते सामानातली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी वस्तू. बसलेल्या माणसाला पक्षी उभ्या माणसापेक्षा पुष्कळ जवळ येऊ देतात. कपडे मातकट किंवा करड्या रंगाचे. पांढरा शर्ट धुक्यातही लांबून उठून दिसतो. चिखलात जाणार नसाल तर गमबूट नकोत, पट्ट्याची सॅंडल पुरे. चप्पल चिखलात राहते आणि पाय बाहेर येतो. कालवांच्या कातळावर मात्र अनवाणी जाऊ नका, कालवांच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात.

बसल्यावर काय करायचं

अंधार असतानाच जागेवर पोचा. मार्चच्या सुरुवातीला अलिबागकडे सूर्योदय सातच्या थोडा आधी होतो, म्हणजे सव्वासहाला स्टूलवर बसलेलं असायला हवं. भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून वरच्या बाजूला बसा. ही रेषा काटक्या, शेवाळ, प्लास्टिक यांच्या ओळीवरून ओळखू येते. सुरूच्या खोडाला, उलट्या ठेवलेल्या होडीला किंवा बांधाला पाठ टेकवा, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती उठून दिसणार नाही.

मग अंतराच्या खुणा पक्क्या करा. हे काम जमल्यास आदल्या संध्याकाळी, स्वच्छ हवेत करून ठेवा. जाळ्याचा खुंट, नांगरलेली होडी, काळा कातळ, यांतली कुठली खूण किती पावलांवर आहे ते मोजा. साधारण 140 पावलं म्हणजे शंभर मीटर. धुक्यात अंतर कळत नाही आणि अंतर चुकलं की आकार चुकतो. पक्षी पुसट दिसला की डोळा तो लांब आहे असं धरतो आणि म्हणून त्याला मोठा समजतो. धुक्यात वीस मीटरवरचा केंटिश चिखल्या शंभर मीटरवरचा ग्रे प्लव्हर वाटणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. खुंट तीस मीटरवर आहे हे माहीत असेल आणि पक्षी खुंटाच्या अलीकडे असेल, तर ही चूक होणारच नाही.

पहिला अर्धा तास दुर्बीण मांडीवर ठेवा आणि ऐका. ओल्या, स्थिर हवेत वारा नसतो, लाटा बारीक असतात आणि आवाज स्वच्छ येतात. किनाऱ्यावरचे निम्मे पक्षी न दिसताही ओळखू येतात. व्हिंब्रेल एकाच पट्टीत भराभर सात-आठ शिट्ट्या मारतो. कर्ल्यूची हाक लांब आणि शेवटी वर चढणारी, कर्-लीऽ. ग्रीनशँकच्या तीन हाका सारख्या वजनाच्या, ट्यू-ट्यू-ट्यू. रेडशँकची पहिली हाक लांब आणि मागच्या दोन तुटक, उतरत्या. ग्रे प्लव्हर तीन भागांची उदास शीळ घालतो, मधला भाग खाली येतो. टर्नस्टोन खडे आपटल्यागत टकटकतो. वाळू चिखले थव्यात उडताना बारीक ट्रिर्र करतात. टिटवीला ओळख करून द्यायची गरज नाही, पण ती ओरडली की इकडेतिकडे पाहा, बहुतेक कुत्रं किंवा माणूस येत असतो आणि तुमचा थवा उडणार असतो.

मोबाइलवर या पक्ष्यांचे आवाज आदल्या रात्री ऐकून घ्या, पण किनाऱ्यावर वाजवू नका. खाणं सोडून हाकेकडे धावायला लावणं हा या दिवसांत त्यांच्यावर अन्यायच.

आकार आणि चाल

सूर्य थोडा वर आला की समोर करड्या आकृत्या दिसू लागतात. आता त्यांचा रंग शोधू नका, चाल पाहा. चिखले चार पावलं पळतात, थबकतात, टिपतात आणि पुन्हा पळतात, कारण ते डोळ्यांनी भक्ष्य शोधतात. तुतवार आणि स्टिंट मान खाली घालून चालत राहतात आणि चोच शिवणयंत्राच्या सुईगत वरखाली करतात, कारण ते चोचीच्या टोकानं चाचपतात. लाटेच्या फेसामागे पळत जाऊन पुढच्या लाटेपुढे परत पळणारा गोलमटोल फिकट पक्षी सँडरलिंग. खडे आणि शेवाळ उलटवत जाणारा टर्नस्टोन. वाकून, नाकासमोर झपाट्यानं धावणारा आणि चोच वर वळलेला तेरेक सँडपायपर. शेपूट सतत वरखाली हलवणारा सामान्य तुतवार. लांबसडक गुलाबी पायांवर सावकाश टाकत जाणारा शेकाट्या.

मग चोच. डोक्याच्या लांबीच्या तुलनेत चोच किती आणि ती सरळ, खाली वळलेली की वर वळलेली, एवढं लिहून ठेवा. कर्ल्यूची चोच डोक्याच्या लांबीच्या अडीच-तीन पट आणि एकसारखी वळत जाते. व्हिंब्रेलची बरीच आखूड आणि टोकाशी अचानक वाकते.

उडताना पक्षी धुक्यात सर्वांत सोपा होतो, कारण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या करड्या उजेडातही दिसतात. रेडशँकच्या पंखाची मागची कड रुंद पांढरी असते. ग्रीनशँकचे पंख एकरंगी गडद, पण पाठीवर शेपटीपासून वर जाणारा पांढरा त्रिकोण. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याला पंखावर ठसठशीत पांढरा पट्टा, पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याला तो नाही. ग्रे प्लव्हरच्या काखा काळ्या असतात, खालून पाहिलं की शंका राहत नाही. कर्ल्यू सँडपायपरची कंबर पांढरी, डनलिनच्या कमरेतून काळी रेघ जाते. पण म्हणून थवा उडवू नका. ब्राह्मणी घार किंवा समुद्रगरुड तासातून एकदा येतोच आणि ते काम करून जातो.

धुकं विरल्यावर

साडेआठ-नऊ ते साडेदहा हा रंग पाहण्याचा वेळ. त्यात तीन गोंधळ नेहमी होतात, ते आधीच निस्तरून ठेवलेले बरे.

पहिला लहान चिखल्यांचा. मानेभोवती मागून पांढरी कॉलर असेल तर केंटिश चिखल्या किंवा कंठेरी चिखल्या. कॉलर नसेल तर वाळू चिखला. आपल्याकडे ज्याला आजवर लेसर सँड प्लव्हर म्हणत होते, त्याची आता दोन जातींत विभागणी झाली आहे आणि आपल्या किनाऱ्यावर येतो तो तिबेटी वाळू चिखला. मोठा वाळू चिखला वेगळा करायचा तर चोच पाहा. चोचीची लांबी चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा स्पष्ट जास्त असेल आणि पाय लांब, फिकट पिवळसर-हिरवट असतील, तरच मोठा म्हणा. शंका असेल तर "वाळू चिखला, जात अनिश्चित" असं लिहा. अशी नोंद कमी दर्जाची नसते.

दुसरा कुरवांचा. मार्चमध्ये काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, दोन्ही कुरव टोपी घालून असतात आणि टोपीचा रंग धुक्यात फसवतो. पंखाचं टोक पाहा. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं टोक रुंद काळं आणि त्यात पांढरा ठिपका, डोळा फिकट. काळ्या डोक्याच्या कुरवाला पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पाचर, डोळा गडद. टोपी नाही, कपाळ उतरतं आणि पोटावर गुलाबी झाक असेल तर स्लेंडर-बिल्ड गल. काळी टोपी, पण पक्षी बाकीच्यांच्या दीडपट आणि पिवळ्या चोचीच्या टोकाशी लाल-काळं असेल तर पलाशचा कुरव. तो एप्रिलपर्यंत थांबतोच असं नाही.

तिसरा सुरयांचा. इथे चोच सगळं सांगते. जाड लाल आणि पक्षी कुरवाएवढा मोठा, तर कॅस्पियन. नारिंगी, तर लेसर क्रेस्टेड. हिरवट-पिवळी आणि पक्षी अंगानं भारी, तर ग्रेटर क्रेस्टेड. काळी आणि टोक पिवळं, तर सँडविच. जाड, आखूड, पूर्ण काळी, तर गल-बिल्ड. छोट्या सुरयाची चोच उन्हाळ्याकडे पिवळी होते आणि टोक काळं राहतं.

समुद्र बगळ्याच्या काळसर रंगाच्या पक्ष्याला गळा पांढरा असतो, तो सोपा. पांढऱ्या रंगाचाही समुद्र बगळा असतो आणि तो छोट्या बगळ्यासारखा दिसतो. त्याची चोच जाड, तपकिरी-पिवळसर असते.

खऱ्या अर्थानं समुद्री पक्षी, म्हणजे शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल, ब्रायडल्ड टर्न, किनाऱ्यावरून क्वचितच दिसतात. किनाऱ्यावर बसून समुद्राकडे पाहायचं तर रापण ओढत असतील तिथे थांबा. जाळं काठाशी आलं की सुरय आणि कुरव जमतात आणि कधी त्यांच्या मागे एखादा स्कुआ येऊन त्यांच्या चोचीतला मासा हिसकावतो. गडद, कुरवाच्या अंगाचा, ससाण्यासारखा झेपावणारा पक्षी दिसला तर दुर्बीण त्याच्यावरून हलवू नका. वेंगुर्ल्याच्या बर्न्ट आयलंड्सवर जायला होडी लागते आणि समुद्र शांत असावा लागतो. तिथल्या खडकांवर पाय ठेवायचा विचार सोडा, वीणीच्या जागा आहेत, होडीतूनच पाहा.

दहानंतर वाळू तापते, हवा थरथरते आणि अकराच्या सुमारास खारा वारा सुटून स्कोप हलू लागतो. तेव्हा पुळण सोडा आणि भरतीला पक्षी जिथे बसतात तिथे, म्हणजे मिठागरांच्या बांधांवर किंवा खाजणात, लांबूनच नजर टाका. मिठागर खासगी असतं, आधी विचारा. बंदर आणि नौदलाच्या हद्दीजवळ, विशेषतः उरणकडे, स्कोप लावण्याआधी तर नक्कीच विचारा.

जवळ जायचंच असेल तर

सरळ रेषेत, थव्याकडे तोंड करून कधीही चालू नका. तिरकं चाला, पाच-सहा पावलांनी थांबा, दुसरीकडे पाहा. तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका वाकून, एका जागी काम करत असतात, त्यांच्याजवळ पक्षी निवांत चरतात. ताठ उभा राहून पक्ष्यांकडे येणारा माणूस मात्र त्यांना शिकारी वाटतो. इशाऱ्याचा क्रम ठरलेला असतो. आधी खाणं थांबतं, मग माना वर होतात, मग थवा एका दिशेला चालू लागतो, मग उडतो. माना वर झाल्या की तुम्ही जास्त जवळ आलात, दहा पावलं मागे या. विसावलेल्या थव्याच्या शंभर मीटरच्या आत जाऊ नका. परतीच्या प्रवासाआधी साठवलेली चरबी अशा उगाच उड्डाणांत खर्च होते.

पुळणीवर गाडी घालू नका. कोरड्या वाळूत टिटवी आणि चिखले नुसत्या खळग्यात अंडी घालतात, ती ठिपकेदार अंडी चाकाखाली आल्यावरच कळतात. शिवाय गाडी रुतते आणि मग भरती येते.

पाणी आणि चिखल

धुक्यात खरा धोका पाण्याचा आहे. भरती सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. अलिबागकडे उधाणाला ते दोन मीटर होतं. शंभर मीटरला एक मीटर चढणाऱ्या सपाट वाळूवर पाण्याची कड त्या काळात तासाला शंभर मीटर पुढे सरकते. त्याहून वाईट म्हणजे वाळूच्या दांड्यामागची चर आधी भरते. समोर समुद्र लांब दिसत असतो आणि मागची वाट बंद झालेली असते.

म्हणून ओहोटी पूर्ण झाल्यावर पाऊण तासानं, पक्षी असोत वा नसोत, दांड्यावरून परत फिरा. पुढे जाण्याआधी फोनवर सुरुवातीची जागा पिन करा आणि चर्चा करायला सोबत कुणीतरी असू द्या. पन्नास मीटरवरची खूण दिसेनाशी झाली, म्हणजे दृश्यता पन्नास मीटरच्या खाली गेली, की उघड्या चिखलावर जाऊच नका. तिवरांच्या कडेचा चिखल गुडघ्यापर्यंत घेतो. रुतलात तर पाय सरळ उपसू नका, मागे बसा, वजन पसरवा आणि टाच आधी सोडवा. उथळ पाण्यातून चालताना पावलं उचलण्याऐवजी घासत न्या, वाळूत दडलेलं पाकट पळून जातं. पायाखाली आलं तर नांगी मारतं.

फोटो आणि नोंद

धुकं पांढरं असल्यानं कॅमेरा ते करडं करून टाकतो. एक्स्पोजर +0.7 ते +1 ठेवा. ऑटोफोकस पुढे-मागे भटकतो, म्हणून मधला एकच बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या छातीच्या कडेवर, जिथे गडद-फिकट भेटतं तिथे ठेवा. सुंदर फोटो धुक्यात मिळाला तर मिळाला. ओळखीसाठी चोच बाजूनं, पाय आणि उघडा पंख असे तीन फोटो पुरतात.

मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा आणि तेवढे तुकडे मोजत जा. नोंदीत वेळ, भरतीची स्थिती आणि कुठली खूण दिसत होती ते लिहा. "आक्षी, 7.40, चढती भरती, दीडशे मीटरपर्यंत दृश्यता" ही ओळ नसेल तर नंतर "चाळीस वाळू चिखले" या आकड्याचा अर्थ लागत नाही. बाकीचे नव्हते की दिसले नाहीत, हेच कळत नाही.

घरी आल्यावर दुर्बीण रुमालानं किंवा शर्टानं पुसू नका. धुक्याचे थेंब वाळले की काचेवर मीठ राहतं, त्यात वाळूचे कण, आणि कोरडं घासलं की लेप ओरखडतो. आधी ब्लोअरनं कण उडवा, मग मायक्रोफायबरचं फडकं गोड्या पाण्यात किंचित भिजवून हलक्या हातानं फिरवा, शेवटी कोरडं फडकं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करून नळाखाली धुवा आणि उघडेच वाळवा, नाहीतर सांध्यात मीठ धरून पुढच्या खेपेला ते अडकतात.

एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेली रंगीत पट्टी दिसली तर घाईनं फोटो काढण्याआधी तीन गोष्टी लिहा. पट्टी कुठल्या पायात आहे, म्हणजे पक्ष्याच्या स्वतःच्या डाव्या की उजव्या. पट्ट्या दोन असतील तर वर कुठला रंग आणि खाली कुठला. आणि त्यांवर अक्षरं-आकडे असतील तर ते. ही नोंद तारीख आणि जागेसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवा. कोड अर्धाच वाचता आला तरी पाठवा, रंगांचा क्रम बरोबर असेल तर पक्ष्याला कुठल्या प्रदेशात पकडलं होतं ते त्यावरूनही कळतं.